मोबाइलवर पान आडवं सरकतं, दुरुस्त केलं तरी महिनाभरात परत सरकतं: कारणं आणि उपाय

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. मी बालविभागाचा सभासद होतो तेव्हापासून ग्रंथपाल काकू मला ओळखतात, त्यामुळे तक्रार सरळ फोनवर येते: "अरे, ते पान परत हलायला लागलंय बघ."

पान हलतं म्हणजे काय, तर खाली वाचत जाताना अंगठा जरा तिरका पडला की सगळं पान डावीकडे घसरतं. उजव्या कडेला पांढरी पट्टी उघडी पडते आणि ओळींची सुरुवातीची अक्षरं पडद्याबाहेर जातात. बोटाने पान जागेवर आणायचं, दोन ओळी वाचायच्या, घसरलं की पुन्हा आणायचं. वयस्कर माणसं दोन मिनिटांत कंटाळून फोन खाली ठेवतात, आणि आमच्या वाचनालयाचे बरेच वाचक त्याच वयाचे आहेत.

हा दोष मी दोन वर्षांत तीन वेळा दुरुस्त केला. पहिल्या दोन वेळा तो परत आला. तिसऱ्या वेळी मूळ सापडलं, तेव्हापासून आलेला नाही. तुमच्याकडेही हेच चाललं असेल तर पुढचं वाचून तुमचे दोन फेरे वाचतील. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. स्टाइलशीटमध्ये (पान कसं दिसावं याचे नियम असलेल्या फाइलमध्ये) ते नेहमीच्या रोमन लिपीतच टाकायचे.

आधी लक्षण ओळखा

"मोबाइलवर साइट नीट दिसत नाही" या एकाच वाक्यात तीन वेगळे दोष येतात.

सगळं पान आकसलेलं असेल आणि अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील, तर व्ह्यूपोर्टची ओळ (पान फोनच्या रुंदीत मांड, असं ब्राउझरला सांगणारी) राहून गेली आहे. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळ्या साइट मोठ्या पडद्यासाठी बनवलेल्या होत्या. म्हणून त्यातला सफारी पान ९८० पिक्सेल रुंद धरून मांडायचा आणि मग लहान करून दाखवायचा. फोनच्या ब्राउझरांनी ही सवय अजून सोडलेली नाही. हेडमध्ये मेटा व्ह्यूपोर्टची ओळ घाला आणि तिच्या कंटेंटमध्ये "विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१" एवढंच लिहा. काही जण त्यात "युजर-स्केलेबल=नो" जोडतात. ते कृपा करून काढा. ज्याला बारीक दिसत नाही त्याचा दोन बोटांनी मोठं करून वाचण्याचा आधार त्यामुळे जातो.

फक्त आयफोनवर, फक्त फॉर्म भरताना पान मोठं होऊन आडवं सरकत असेल, तर फॉर्मच्या चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान आहेत. चौकटीवर बोट ठेवलं की सफारी ती आपणहून जवळ आणतो. इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया यांचा फॉन्ट-साइज १६ पिक्सेल करा, काम संपलं.

बाकी राहतो तो खरा दोष: पानावरचं काहीतरी पडद्यापेक्षा रुंद झालं आहे. पुढचं सगळं त्याबद्दल.

"माझ्या फोनवर तर बरोबर दिसतंय"

हे उत्तर मीही काकूंना दिलं होतं. माझ्या फोनची रुंदी ४१२ पिक्सेल, त्याच कंपनीच्या त्यांच्या फोनची ३६० असावी, असा माझा समज. प्रत्यक्षात त्यांच्या फोनवर ती ३२० निघाली.

कारण साधं आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात. दुसरी पट्टी पुढे सरकवली की बटणं, चिन्हं सगळंच मोठं होतं, म्हणजेच त्याच काचेवर कमी पिक्सेल मावतात. ३६० चा फोन ३२० चा होतो. चाळिशी ओलांडलेल्या घराघरांत ही पट्टी कुणीतरी पुढे सरकवलेली असते, बहुतेक वेळा मुलाने किंवा सुनेने, आणि वापरणाऱ्याला ते माहीतही नसतं. साइट बनवणारा पंचविशीतला आणि वाचणारा सत्तरीतला असेल, तर दोघं एकच पान पाहत नसतात.

तेव्हापासून मी एक छोटं पान साइटवर ठेवलं आहे. त्यावर फक्त एक मोठा आकडा दिसतो: डॉक्युमेंट-एलिमेंटची क्लायंट-विड्थ, म्हणजे त्या फोनवर पानाला मिळणारी रुंदी. तक्रार आली की ती लिंक पाठवतो आणि आकडा वाचून दाखवायला सांगतो. काकूंनी "तीनशे वीस" म्हटल्याबरोबर मी डेस्कवरच्या क्रोममध्ये एफ१२ दाबलं, कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबून फोनचा देखावा उघडला, रुंदी ३२० टाकली आणि दोन वर्षं न दिसलेला दोष समोर आला.

कोण बाहेर जातंय ते शोधा

स्टाइलशीटमध्ये हात घालण्याआधी नेमका दोषी शोधा. सर्वांत जुनी युक्ती अजूनही चालते: सगळ्या एलिमेंटांना (पानावरच्या घटकांना) तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर देऊ नका; बॉर्डर जागा घेते आणि मांडणी बदलते, आउटलाइन जागा घेत नाही. मग उजवीकडे सरका. जी चौकट पांढऱ्या पट्टीत शिरलेली दिसेल ती पकडा.

फायरफॉक्समध्ये काम आणखी सोपं आहे. त्याच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचा कोड दाखवणाऱ्या खिडकीत), ज्या एलिमेंटला स्क्रोल आहे त्याच्यापुढे "स्क्रोल" असा बिल्ला दिसतो. त्यावर क्लिक केलं की ज्यांच्यामुळे ते ओसंडतंय त्यांच्यापुढे "ओव्हरफ्लो"चा बिल्ला लागतो.

पान मोठं असेल तर कन्सोलमध्ये (ब्राउझरमधल्या कोड चालवून पाहायच्या जागेत) चार ओळींची स्क्रिप्ट चालवतो. क्वेरी-सिलेक्टर-ऑलने सगळी एलिमेंटं घ्यायची, प्रत्येकाच्या गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टमधला "राइट" हा आकडा पाहायचा, आणि तो डॉक्युमेंट-एलिमेंटच्या क्लायंट-विड्थपेक्षा मोठा असेल तर एलिमेंट छापायचं. यादी लांबलचक येते, कारण दोषी चौकटीच्या पोटातली लेकरंही तिच्यासोबत बाहेर गेलेली असतात. त्यातून अशी चौकट निवडा की जिचा पालक पडद्यात मावतो पण ती स्वतः मावत नाही. स्वतःचा स्क्रोल असलेल्या पेटीतली एलिमेंटंही यादीत येतील, ती सोडून द्या. आणि एक फट लक्षात ठेवा: "बिफोर" आणि "आफ्टर"ने काढलेल्या सजावटी या यादीत येतच नाहीत. यादी रिकामी आली आणि पान तरी हलत असेल, तर संशय तिथेच घ्यायचा.

काहीच जमलं नाही तर इन्स्पेक्टरमधून पानाचा अर्धा भाग डिलीट करा. हलणं थांबलं तर दोषी त्या अर्ध्यात होता. पान रिफ्रेश करा आणि त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. पाच-सहा वेळांत सापडतो.

पहिली दुरुस्ती, जी करू नये

शोधायच्या भानगडीत न पडता पहिल्या वेळी मी एचटीएमएल आणि बॉडी या पानाच्या सर्वांत बाहेरच्या दोन्ही चौकटींवर "ओव्हरफ्लो-एक्स: हिडन" टाकलं. पान जागच्या जागी थांबलं. काकू खूश, मीही खूश.

दोन गोष्टी बिघडल्या. वरची मेनूची पट्टी स्टिकी (पान सरकवलं तरी वर चिकटून राहणारी) होती, ती चिकटायची थांबली. दोन्हींवर हिडन दिलं की एचटीएमएलवरचा नियम पूर्ण पडद्याला लागतो आणि बॉडी ही स्वतःच स्क्रोल होणारी वेगळी पेटी ठरते. मेनू त्या पेटीला चिकटू पाहतो, पेटी तर कधीच स्क्रोल होत नाही, मग मेनू वर निघून जातो.

दुसरी गोष्ट जास्त लागली. वसंत व्याख्यानमालेचं वेळापत्रक साइटवर होतं. चार रकाने: दिनांक, वक्ते, विषय, वेळ. फोनवर विषय अर्धा कापला गेला आणि वेळेचा रकाना पडद्याबाहेर राहिला. आधी निदान पान सरकवून तो दिसायचा. आता सरकवायची सोयही मी काढून घेतली होती. एक आजोबा रिक्षा करून सहाला आले. व्याख्यान साडेपाचला सुरू झालं होतं. ते मागे उभे राहून ऐकत होते, कारण खुर्च्या भरल्या होत्या. त्या संध्याकाळी मी घरी येऊन तो नियम काढला.

कापायचीच असेल अशी गोष्ट म्हणजे कडेबाहेर जाणारी नक्षी, कोपऱ्यातलं वर्तुळ, उजवीकडून आत येणारा मेनू. तिथे त्या सजावटीच्या पालकावर "ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप" द्या. क्लिप कापतं, पण स्क्रोलची पेटी तयार करत नाही, त्यामुळे स्टिकी मेनू शाबूत राहतो. क्रोममध्ये ते ९० व्या आवृत्तीपासून आणि सफारीत १६ व्या आवृत्तीपासून चालतं. मजकुरावर मात्र ते वापरू नका.

दुसरी दुरुस्ती: वर्डमधून आलेला तक्ता

तो तक्ता ६०२ पिक्सेल रुंद का होता? काकू वेळापत्रक वर्डमध्ये बनवतात, कारण तेच छापून सूचनाफलकावरही लावायचं असतं. कागद ए४, दोन्ही बाजूंना एकेक इंचाचा समास. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे ५९५.३ पॉइंट. समासांचे १४४ वजा केले की उरतात ४५१.३. वेबवर ७२ पॉइंटांचे ९६ पिक्सेल होतात, म्हणजे ६०२. तिथून कॉपी करून साइटच्या एडिटरमध्ये पेस्ट केलं की तक्त्याच्या अंगावर ही रुंदी शिक्क्यासारखी येते. कागदाची रुंदी फोनवर येऊन बसते.

यात काकूंचं काही चुकलं नाही. ज्याला कामं आहेत तो कॉपी-पेस्टच करणार. साइटने ते झेलायला हवं.

तक्त्याला "मॅक्स-विड्थ: १००%" देऊन पुरत नाही. तक्ता त्याच्या रकान्यांतल्या सर्वांत लांब शब्दांपेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो, मग तुम्ही काहीही लिहा. खरा उपाय म्हणजे तक्त्याभोवती एक डिव्ह (साधी चौकट) घालायचा आणि त्या डिव्हला "ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो" द्यायचं. आता पान स्थिर राहतं आणि सरकतो तो फक्त तक्ता. प्रत्येक तक्त्याला हाताने डिव्ह घालणं शक्य नसतं, म्हणून पान लोड झाल्यावर मजकुरातल्या प्रत्येक तक्त्याभोवती डिव्ह घालणारी छोटी स्क्रिप्ट मी ठेवली आहे. त्या डिव्हला "टॅबइंडेक्स=०" देतो, म्हणजे कीबोर्ड वापरणाऱ्यालाही तक्ता सरकवता येतो.

याच वर्गातले बाकीचे पाहुणे पटकन सांगतो. यूट्यूबचा एम्बेड कोड ५६० बाय ३१५ चा येतो. त्या आयफ्रेमला विड्थ १००%, हाइट ऑटो आणि "अस्पेक्ट-रेशो: १६ / ९" द्या. फोटोंना "मॅक्स-विड्थ: १००%" आणि "हाइट: ऑटो". सगळ्यांना "बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स", नाहीतर १००% रुंदीच्या चौकटीला पॅडिंग दिलं की ती तेवढीच बाहेर जाते.

तिसरी दुरुस्ती: मूळ

तक्त्याला डिव्ह घातल्यावर जुन्या पानांवर तो बरोबर दिसू लागला. महिन्याभराने नवीन "घडामोडी" पानावर तोच तक्ता, तोच डिव्ह, आणि पान परत हलायला लागलं. मी तासभर त्या डिव्हकडेच पाहत होतो. डिव्हला ओव्हरफ्लो ऑटो होतं, तरी त्याला स्क्रोल येत नव्हता. मोजलं तर डिव्ह स्वतःच ६०२ पिक्सेल झाला होता. त्याच्या वरची चौकट ६०२. तिच्यावरची ग्रिड (रकान्यांत मांडणी करणारी चौकट) मात्र ३२०.

फ्लेक्स (घटक एका ओळीत मांडणारी चौकट) आणि ग्रिड यांच्यातल्या लेकरांची "मिन-विड्थ" न सांगता "ऑटो" असते, शून्य नसते, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. ऑटोचा अर्थ असा की चौकट आपल्या पोटातल्या न तुटणाऱ्या सर्वांत रुंद गोष्टीपेक्षा लहान व्हायला नकार देते. ग्रिडमधलं "१एफआर" (मोकळ्या जागेचा एक वाटा) म्हणजेसुद्धा पडद्यामागे "किमान ऑटो, कमाल १एफआर" असतं. म्हणजे फोनवर एकच रकाना ठेवला तरी तो रकाना ६०२ चा होऊ शकतो. आतल्या डिव्हला मग पुरेशी जागा मिळते, त्याला सरकण्याची गरजच वाटत नाही, आणि सरकतं ते अख्खं पान.

उपाय एका ओळीचा आहे. ग्रिडमध्ये "१एफआर"ऐवजी "मिनमॅक्स(०, १एफआर)" लिहा. फ्लेक्समध्ये मजकूर धरणाऱ्या लेकराला "मिन-विड्थ: ०" द्या. आमच्या पुस्तकांच्या यादीत डावीकडे मुखपृष्ठ आणि उजवीकडे नाव अशी फ्लेक्सची ओळ आहे, तिथे उजव्या भागाला हेच दिलं.

पहिल्या दोन्ही वेळा दोष परत का आला, त्याचं उत्तर इथे आहे. मांडणी मी रिकाम्या चौकटी आणि लहान नमुना-मजकूर घालून तपासत होतो. मांडणी तेव्हा बरोबरच असायची. पुढच्या महिन्यात कुणीतरी लांब लिंक, रुंद तक्ता किंवा मोठा शब्द टाकायचा आणि चौकट फुगायची. ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन ही कल्पना मांडली तेव्हा तिचे तीन भाग होते: प्रवाही ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागू होणारे नियम). आज मीडिया क्वेरी सगळे लिहितात, कोणत्या फोनला कोणता ब्रेकपॉइंट (मांडणी बदलण्याची रुंदी) यावर चर्चा करतात. माझ्या अनुभवात आडव्या सरकण्याचे बहुतेक दोष पहिल्या दोन भागांत सापडतात, आणि कितीही ब्रेकपॉइंट वाढवले तरी ते जात नाहीत.

मराठी शब्दांची लांबी

इंग्रजी किंवा हिंदी साइटवर जे टेम्प्लेट नीट चालतं ते मराठीत फुटतं, आणि त्यामागे भाषेचंच कारण आहे. हिंदीत "के निमित्त", "के लिए" सुटं लिहितात. तिथे ओळ तोडायला जागा मिळते. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडून लिहितो. "सुवर्णमहोत्सवानिमित्त" हा आमच्या साइटच्या मुखपृष्ठावरचा एक शब्द. ४० पिक्सेलच्या ठळक अक्षरांत तो एकटाच सुमारे ३०० पिक्सेल जातो. दोन्ही बाजूंना २४ चं पॅडिंग असेल तर ३६० च्या फोनवर ३१२ उरतात, जेमतेम मावतो. काकूंच्या ३२० च्या फोनवर उरतात २७२. पान हललं ते एका शब्दामुळे.

शीर्षकाचा आकार "क्लॅम्प"ने, म्हणजे किमान, मधला आणि कमाल आकार देऊन ठरवा. रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचा आकार, व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याच्या रुंदीचा शंभरावा भाग. मी "क्लॅम्प(१.५रेम, १.१रेम + २व्हीडब्ल्यू, २.५रेम)" वापरतो, ३२० वर तो २४ पिक्सेल होतो आणि ११२० च्या पुढे ४० वर थांबतो. मधल्या पदात रेम असू द्या. नुसतं व्हीडब्ल्यू लिहिलं तर डेस्कवर पान झूम करणाऱ्याची अक्षरं मोठीच होत नाहीत.

शब्द तोडायची वेळ आलीच तर मजकुराच्या पेटीवर "ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर" द्या. "ब्रेक-वर्ड" दिसायला सारखंच वागतं, पण चौकटीची किमान रुंदी मोजताना तुटण्याची शक्यता तो धरत नाही, त्यामुळे फ्लेक्स आणि ग्रिडमध्ये चौकट फुगलेलीच राहते. लांब लिंकांवर एनीव्हेअर अगदी गुणकारी आहे. तक्त्याच्या आत मात्र ते परत "नॉर्मल" करा. तक्त्यात ते राहिलं तर रकाने इतके आक्रसतात की "अध्यक्ष" हा शब्द एकाखाली एक अक्षर असा उभा दिसतो. मी तसा तक्ता एक दिवस लाइव्ह ठेवला आहे, म्हणून सांगतो.

ब्राउझरने तोडलेला मराठी शब्द वाचायला बरा लागत नाही. जुन्या ब्राउझरांत तर जोडाक्षराच्या मधोमधही ओळ तुटते, कारण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. म्हणून मुखपृष्ठावरच्या मोठ्या शब्दांत मी जागा स्वतः दाखवतो: "सुवर्ण" आणि "महोत्सवानिमित्त" यांच्यामध्ये सॉफ्ट हायफन. शब्द मावला तर तो दिसत नाही, नाही मावला तर तिथेच तुटतो.

याच कामात आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना "लेटर-स्पेसिंग" दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, शून्य करा. आणि "लाइन-हाइट" १.१ किंवा १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास ठेवलं की डोळ्यांना बरं वाटतं.

फक्त डेस्कवरच्या संगणकावर हलत असेल तर

कुठेतरी "विड्थ: १००व्हीडब्ल्यू" लिहिलेलं सापडेल. व्हीडब्ल्यू मोजताना उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते. फोनवर आणि मॅकच्या ट्रॅकपॅडवर स्क्रोलबार मजकुराच्या वर तरंगतो म्हणून काही होत नाही. विंडोजवर तो १५ ते १७ पिक्सेल जागा खातो, आणि पान नेमकं तेवढंच आडवं सरकतं. विड्थ १००% करा. पूर्ण रुंदीचा डिव्ह आपोआप पूर्ण रुंद असतोच, बहुतेक ठिकाणी ती ओळ नुसती काढली तरी चालते.

परत येऊ नये म्हणून

साइटवर मी एक चाचणीचं पान ठेवलं आहे, मेनूत न दिसणारं. त्यावर मुद्दाम सगळे त्रासदायक पाहुणे बसवले आहेत: वर्डमधून पेस्ट केलेला ए४ रुंदीचा तक्ता, यूट्यूबचा न बदललेला एम्बेड, कॅमेऱ्यातून थेट आलेला ४००० पिक्सेलचा फोटो, मध्ये एकही जागा नसलेली नकाशाची लिंक, आणि "सुवर्णमहोत्सवानिमित्त". स्टाइलशीटमध्ये काहीही बदललं की हे पान आधी ३२० वर उघडतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ३२० हाच आकडा आहे: तेवढ्या रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. १२८० च्या पडद्यावर ४०० टक्के झूम केलं की हीच रुंदी उरते. तक्ते आणि नकाशे यांना त्यात सूट आहे.

वर्डप्रेस वापरत असाल तर हे बदल थीमच्या मूळ स्टाइलशीटमध्ये लिहू नका. थीम अपडेट झाली की ती फाइल नव्याने येते आणि तुमच्या ओळी पुसल्या जातात. माझ्या ओळखीच्या दोन साइटवर "आपोआप परत येणारा" दोष निव्वळ हाच होता. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसणाऱ्या तुमच्या स्वतंत्र थीममध्ये) किंवा कस्टमायझरमधल्या अतिरिक्त सीएसएसच्या चौकटीत लिहा.

सगळं झाल्यावरही एखाद्याच फोनवर जुनं पान हलत राहतं. तो फोन जुनीच स्टाइलशीट जपून बसलेला असतो. स्टाइलशीटच्या पत्त्याला शेवटी आवृत्तीचा आकडा जोडा, बदल केला की तो वाढवा, म्हणजे ब्राउझर नवीन फाइल आणतो. परवा दिवाळी अंकांच्या योजनेचा तक्ता काकूंनी वर्डमधून पेस्ट केला, सहा रकान्यांचा. मी लिंक उघडून त्यांना त्यांच्या फोनवर तक्ता बोटाने सरकवून शेवटचा रकाना वाचायला सांगितला. "वर्गणी दोनशे रुपये," त्या म्हणाल्या, आणि पान जागेवर होतं.